दमसास

दसऱ्याला चार-सहा दिवस राहिले असतील. संध्याकाळी शाळेतून येऊन मी वह्या तपासीत बसलो होतो. तोच दाराशी सायकल टेकल्याचा आवाज झाला आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह आत आली. वडील आमच्या जरीपटक्याच्या बाजारातल्या कापडदुकानांसाठी शिवणकाम करतात. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला संगणकशास्त्र शिकते. पाणी पिऊन झाल्यावर वडिलांनी खिशातून घडी घातलेले दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. दुकानदाराने लिहून दिलेले दोन लॅपटॉपचे भाव होते ते. एक ६०,००० रुपयांचा आणि दुसरा १,४०,००० रुपयांचा.

"सर, पोरगी म्हणते मोठा पायजे. आमाले त्यातलं काय समजते? तुमी सांगान तो घेऊ."

मुलगी खाली मान घालून बसली होती. मोठा लॅपटॉप घ्यायचा तर घरातली पोत मोडावी लागेल, हे तिला ठाऊक होते आणि ते मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होते.

मी मॅट्रिक झालेला माणूस. त्यानंतर जे काही शिकलो ते मुलांना शिकवता शिकवता आणि कादंबऱ्या लिहिता लिहिता. माझ्या कादंबऱ्या मी अजून शाईच्या पेनाने लिहितो. अशा माणसाने संगणकाविषयी सल्ला द्यावा हा विनोदच. परंतु त्या दोघांनी मला यंत्राविषयी विचारलेच नव्हते. 'किती मागावे आणि किती पुरे म्हणावे' हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो मॅट्रिकलाही चुकत नाही आणि पंडितालाही. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या चार दिवसांत मी एका जाणत्या तरुणाला गाठून त्या दोन कागदांवरचे आकडे समजावून घेतले. तो मिहानमधल्या एका कंपनीत प्रोग्रामिंगचे काम करतो. त्याने सांगितले ते ऐकून मला आमच्या आजीची आठवण झाली. दिवाळीत पणत्या लावताना ती वाती स्वतः वळायची. आम्हा पोरांना जाड वात हवी असे, कारण उजेड मोठा पडतो. आजी म्हणायची, "वात जाड केली की तेल भुकेने पितं. पंगत उठेपर्यंत दिवा राहिला पाहिजे." लॅपटॉपचे गणित याहून निराळे नाही. त्याच्या बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-तासांत मोजतात. साध्या लॅपटॉपमध्ये साधारण ६० वॉट-तास मावतात असे धरू. लिहिणे, वाचणे, छोटे प्रोग्रॅम चालवून पाहणे अशा कामाला तो ८ वॉट घेत असेल, तर त्रैराशिकाने साडेसात तास झाले. मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९० वॉट-तासांची. पण त्याचा जोरकस प्रोसेसर आणि चित्रे काढणारा वेगळा प्रोसेसर नुसते जागे राहायलाच २० ते २५ वॉट मागतात, म्हणजे चार तास. आणि दोघांना खरोखरच कामाला जुंपले की १०० वॉटच्या पुढे जातात. मग तासाभरात दिवा मालवला.

बॅटरी आणखी मोठी का करीत नाहीत, असे मी भोळेपणाने विचारले. तो हसून म्हणाला की विमानात सहजगत्या जवळ बाळगायची परवानगी १०० वॉट-तासांपर्यंतच असते, म्हणून बहुतेक कारखानदार त्याच्या अलीकडे थांबतात. शिवाय वजनही वाढते. मोठा लॅपटॉप अडीच किलोचा, आणि त्याचा चार्जर म्हणजे एक वीटच. तीही पिशवीत हवी.

पण त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. मोठ्या लॅपटॉपचे सगळे बळ भिंतीतल्या विजेला जोडलेले असतानाच मिळते. तार काढली की नुसत्या बॅटरीला तेवढी वीज एकदम पुरवता येत नाही, म्हणून यंत्र आपण होऊनच आपला वेग आवरते. म्हणजे ज्या बळासाठी ८०,००० रुपये जास्त मोजायचे, ते भिंतीपाशी बसलेल्याचे बळ. उठून चालू लागलात की ते तुमच्याबरोबर येत नाही. माणसांतही असे बळ आपण पाहतो. खुर्चीवर असेतो ज्यांचा दरारा असतो, ते खुर्चीवरून उतरले की त्यांना रिक्षावालाही ओळखत नाही.

आपल्या भाषेत बळ हा एक शब्द आहे आणि दम हा दुसरा. पहिलवानाला बळ लागते. गवयाला दमसास लागतो. बळ म्हणजे एका क्षणी किती करता येते, आणि दम म्हणजे किती वेळ करता येते. जाहिराती बहुधा बळाच्या असतात, कारण बळ आकड्यात सांगता येते आणि डोळ्यांत भरते. दमाचा आकडाही छापतात, पण तो दुकानातल्या परीक्षेचा. तुमच्या घरच्या दिवसाचा नव्हे. प्रोग्रामिंगचे काम करणारा माणूस दिवसाचा बहुतेक वेळ काय करतो? वाचतो, विचार करतो, चार ओळी लिहितो, दोन खोडतो. त्या वेळी यंत्र स्वस्थ असते. माणूसच तापलेला असतो. यंत्राच्या बळाची खरी गरज मधूनमधून काही मिनिटे लागते. तेव्हा घोडा शर्यतीचा घ्यायचा की टांग्याचा, हे रस्ता पाहून ठरवावे.

येथवर आल्यावर माझा सल्ला तयार झाला होता. लहान घ्या, हलका घ्या, बॅटरी टिकणारा घ्या. एवढे सांगून मोकळा झालो असतो, आणि हा लेखही येथेच संपला असता. पण तोंडाशी आलेला सल्ला माझ्याच एका जुन्या अपराधाने अडवला.

पंधराएक वर्षांपूर्वी एक मुलगा असाच माझ्याकडे आला होता. हुशार, गणितात तल्लख. त्याला एका महागड्या अभ्यासक्रमाला जायचे होते. घरची स्थिती मला माहीत होती. मी मास्तरकीच्या जोरावर त्याला अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण सांगितली, आणि तीवर एक छोटेसे व्याख्यानही दिले. त्याने ऐकले. आज तो एका दुकानात हिशेब लिहितो. संसार नीट आहे, तक्रार नाही. दोन वर्षांपूर्वी रस्त्यात भेटला तेव्हा नमस्कार करून अगदी सहज म्हणाला, "सर, तुम्ही अंथरूण किती आहे ते पाहिलंत. माझे पाय किती लांब आहेत ते विचारलंच नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला विसरता आले नाही. तेव्हापासून 'पुरे' हा शब्द उच्चारताना मी अडखळतो. स्वतःच्या पानावर पुरे म्हणणे हा संयम. दुसऱ्याच्या पानावर आपण पुरे म्हणणे हा उद्धटपणा. आणि ज्याच्या पानात अजून वाढलेलेच नाही त्याला पुरे म्हणणे हा तर अन्याय.

आम्ही नागपूरचे लोक या प्रश्नाच्या नेमके मध्यावर राहतो. नैर्ऋत्येला दोन तासांच्या वाटेवर वर्धा आणि सेवाग्राम. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके आणि सहज हलवता येण्याजोगे असावे. झोपडीत हातापायाने चालवता यावे. एखाद्या बाईला फारसा शीण न होता त्यावर आठ तास काम करता यावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. आणि नीट निगा राखल्यास ते वीस वर्षे टिकावे. किर्लोस्करवाडीला तयार झालेले एक यंत्र परीक्षेपर्यंत पोहोचले, पण ते बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. पुढे येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी पेटीत बसणारा, हातात धरून नेता येणारा चरखा घडवून घेतला. माझ्या मुलीसारख्या त्या विद्यार्थिनीचे कागद हातात असताना मला या अटी आठवल्या आणि नवल वाटले. वजन, किंमत, टिकाऊपणा आणि आठ तासांचा दम! लॅपटॉप घेणारा आज हेच तर विचारतो. फरक एवढाच की तेव्हा बॅटरी म्हणजे ती बाई होती. तिचा शीण हे यंत्र मोजण्याचे माप होते.

आणि जरीपटक्याला लागूनच इंदोरा, आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना नवा मार्ग दिला, त्या भूमीकडे दसऱ्याला माणसांच्या रांगा लागतात. त्याच बाबासाहेबांनी १९४५ साली 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' या ग्रंथात चरख्याच्या तत्त्वज्ञानाला रोखठोक उत्तर दिले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माणूस पशूहून वेगळा होतो तो संस्कृतीने. संस्कृतीला फुरसत लागते. आणि कष्टकऱ्याला फुरसत देऊ शकते ते यंत्रच. यंत्राने दुःख वाढले असेल तर दोष यंत्राचा नव्हे, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा. म्हणून लोकशाही समाजाने यंत्र कमी नव्हे, अधिकच मागावे.

मी या दोघांपैकी एकाला खोटे ठरवून सुटू शकत नाही. माझ्यापुढे बसलेली मुलगी ज्या वस्तीतून येते, तेथे पिढ्यान्‌पिढ्या 'तुला एवढे पुरे' हेच ऐकवले गेले. ज्ञान एवढे पुरे, पाणी एवढे पुरे, उजेड एवढा पुरे. तिला मी पुन्हा तेच सांगावे काय? पण 'जास्त माग' एवढेच सांगितले, तर पोत मोडून आणलेला तो अडीच किलोचा डोंगर तिच्या खऱ्या दिवसात कोठे बसणार, हे कोण विचारणार? विचार करता करता माझ्या ध्यानात आले की गांधीजींच्या त्या अटींत 'थोडके घ्या' असे कोठेच नव्हते. त्यांना सूत अधिकच हवे होते. फक्त माप काम करणाऱ्या देहापासून सुरू होत होते. बाबासाहेबांच्या युक्तिवादातही 'मोठे म्हणून घ्या' असे नाही. माणसाला फुरसत मिळते की नाही, हे त्यांचे माप. एकाने विचारले, यंत्र चालवणारी दमते काय? दुसऱ्याने विचारले, यंत्रामुळे ती मोकळी होते काय? माझ्या अल्पमतीला वाटते, हे दोन्ही प्रश्न एकाच बाईविषयीचे आहेत. मात्र त्यांची उत्तरे तिच्यावाचून कोणालाच देता येत नाहीत.

'बलाढ्य यंत्र' या शब्दाचीही मौज पाहा. विदर्भातच जन्मलेले आणि नागपूरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. अमेरिकेने हवा तसा महासंगणक देण्याचे नाकारल्यावर आपण आपला बनवला, याचा देशाला सार्थ अभिमान वाटला. आज त्या शिंप्याच्या कागदावरचा ६०,००० रुपयांचा, 'लहान' म्हणून हिणवला जाणारा लॅपटॉप गणितांच्या वेगात त्याला मागे टाकील. तेव्हा हवामान आणि विज्ञान यांची गणिते ज्या बळावर करायची उमेद होती, त्याहून अधिक बळाला आता दुकानदार 'विद्यार्थ्यांपुरते' म्हणतो. बळाची भूक अशी आहे. ती भागत नाही, फक्त पुढच्या दुकानात जाते. योगायोग असा की लॅपटॉपच्या बॅटरीला खरा जीव ज्या संशोधनाने आला, ते १९८० साली ऑक्सफर्डला करणाऱ्या शास्त्रज्ञाचे आडनाव होते गुडइनफ, म्हणजे 'पुरेसे चांगले'. २०१९ साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांना दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. दमसास म्हणतात तो हाच!

आणखी एक हिशेब राहतो, तो कागदावर नसतो. बॅटरीत भरलेली वीज आमच्याकडे उत्तरेच्या अंगाने येते. कोराडी आणि खापरखेड्याच्या धुराड्यांखाली कोळसा जळतो तेव्हा माझ्या घरचा दिवा लागतो. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचे पाणी आसपासच्या शेतांत आणि वस्त्यांत शिरले, ते शेतकरी आमच्या विजेचे बिल वेगळ्या रीतीने भरीत होते. बॅटरीतला कोबाल्ट तर बव्हंशी आफ्रिकेतल्या काँगोतून येतो, आणि तेथल्या काही खाणींत लहान मुले हातांनी माती उपसतात, हे जगजाहीर आहे. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाची मुले! हे सारे माहीत असताना 'जाड वात' मागणे ही केवळ पैशाची उधळपट्टी राहत नाही. परंतु जगाचा हा हिशेब मांडायला शिंप्याच्या एका खोलीच्या घरापासून सुरुवात करावी, हेही मला मान्य नाही. ज्यांच्या घरी तीन-तीन यंत्रे धूळ खात पडली आहेत, त्यांच्या दाराशी तो आधी गेला पाहिजे.

पाचव्या दिवशी दोघे आली. मी सल्ला दिला नाही. एक शंभर पानी वही मुलीच्या हाती देऊन म्हटले, "आठवडाभर कॉलेजच्या यंत्रावर किंवा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर जे काम करशील ते लिहून ठेव. केव्हा, कोठे बसून, किती वेळ, आणि यंत्र किती वेळ खोळंबले. मग चरखा संघाने लिहिल्या तशा तुझ्या अटी तूच लिही. मोठा लॅपटॉप लागत असेल तर मोठाच घ्यायचा. पैशाचे आपण तिघे मिळून पाहू."

हे शेवटचे वाक्य बोलताना माझा आवाज जरा चाचरला, कारण मास्तरांच्या पगारात असली वाक्ये सहज बसत नाहीत. पण ते बोलल्याशिवाय वही देणे म्हणजे परीक्षेचा निकाल आधीच लावण्यासारखे झाले असते. वडील तेवढ्यात म्हणाले, "आमच्या मशीनले मोटर लावली तवा टाके लवकर पडू लागले, सर. पण कापड वाकडं गेलं तं चूक बी लवकरच होते." त्यांना यंत्रातले काही समजत नाही, असे तेच चार दिवसांपूर्वी म्हणाले होते!

आठवड्याने वही आली. एकूण एकतीस तास काम. त्यांपैकी यंत्राला खरोखर जोर लागला असे तास सव्वादोन. बाकीचा वेळ लिहिण्या-वाचण्याचा. त्याखाली अटी होत्या. मेमरी १६ जीबी असावी आणि पुढे वाढवता यावी, कारण खोळंबा बहुतेक तिच्यामुळेच झाला होता. कॉलेजच्या बसमध्ये, वाचनालयात आणि गच्चीवर मिळून सहा तास तार न लावता चालावा, कारण प्रयोगशाळेतल्या भिंतीवरचे खटके थोडे आणि त्यांवर डोळा ठेवणारे फार. बॅटरी बदलून मिळावी, कारण पाचएकशे वेळा भरून रिकामी झाल्यावर तिचा दम कमी होणारच. वजन दीड किलोच्या आसपास. मोठ्या प्रयोगाचे काम कॉलेजच्या मोठ्या संगणकावर दुरून चालवीन. ते जमले नाही तर तासाच्या भाड्याने. आणि शेवटची अट अशी होती, जी मला, त्या जाणत्या तरुणाला किंवा दुकानदाराला कधीच सुचली नसती: पडद्याचा उजेड इतका मंद करता यावा आणि पंख्याचा आवाज इतका कमी असावा, की शेजारी झोपलेली आजी जागी होऊ नये.

मी वही मिटली. मग जे विचारायचे होते ते विचारले, "हे तू ठरवलेस, की पैशांनी ठरवले?"

ती बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, "दोघांनी, सर. पण अटी माझ्या आहेत. पुढच्या वर्षी काम बदललं तर अटी बदलीन."

मला हे उत्तर आवडले, कारण ते पूर्ण समाधानाचे नव्हते. गरिबीने निवड केली नाही, असे छातीवर हात ठेवून तिला म्हणता येत नव्हते, आणि ती खोटे बोलली नाही. घरात पैसा असता तर कदाचित तिने दोन्ही यंत्रे घेतली असती, आणि कोणी तिला वही दिली नसती. वही नेहमी गरिबालाच ठेवावी लागते, हा अन्याय एका शहाण्या निर्णयाने धुऊन निघत नाही, हे मला कबूल केले पाहिजे. पण तिच्या 'पुरे'च्या पुढे 'आज' हा शब्द होता. माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याला मी जे 'पुरे' दिले होते, ते कायमचे होते. माझ्या सल्ल्यात चूक झाली ती येथे.

लॅपटॉप दसऱ्यानंतर घरात आला. पोत मोडली नाही. उरलेल्या पैशांपैकी काही तिच्या फीसाठी बाजूला ठेवले आहेत आणि काही 'बॅटरीसाठी' म्हणून एका डब्यात. डब्यावर तिने तसे लिहूनच ठेवले आहे, असे वडील सांगत होते.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. फाळणीनंतर सिंधमधून जे हाताने उचलता आले तेवढेच घेऊन आलेल्या माणसांनी वसवलेला आमचा जरीपटका या दिवसांत उजेडाने नुसता न्हाऊन निघतो, आणि शिंप्याच्या घरी मशीन रात्री उशिरापर्यंत चालते. काल रात्री त्या गल्लीवरून जात होतो. वरच्या गच्चीवर एक मंद चौकोनी उजेड दिसला. मी हाक मारली नाही. त्या जुन्या विद्यार्थ्याचे दुकान पुढच्याच वळणावर आहे. पावले तिकडे वळली. पंधरा वर्षे उशिरा का होईना, त्याचे पाय किती लांब आहेत ते विचारायचे होते.